उन्हाळ्याचं क्षेत्रफळ

"टाका जी भाऊ, घर टाका."

एवढं म्हणून बाई कुंपणावरून हात पुढे करायच्या. हातात मोबाईल. मोबाईलच्या काचेवर हमखास एखादा माशाचा खवला चिकटलेला. तो मी नखानं काढायचो, काच बनियनला पुसायचो आणि घर टाकायचो.

घर टाकायचं म्हणजे मोबाईलमधल्या एका अ‍ॅपमध्ये घराची माहिती भरायची. गाव कोणतं, जागा किती, खोल्या किती. सगळं भरलं की एक निळं चाक थोडा वेळ फिरायचं आणि घराची किंमत काचेवर यायची. आकडे वाचण्यात बाई माझ्याहून चलाख होत्या. पण अ‍ॅप इंग्रजीत प्रश्न विचारायचं आणि इंग्रजीशी त्यांचं काही जमत नव्हतं. म्हणून सकाळचा बाजार उरकून, टोपली रिकामी करून आल्या की त्या मागच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या.

तुम्ही आमच्या मूल गावच्या बाजारात कधी मासोळ्या घेतल्या असतील तर त्यांना पाहिलंच आहे. नाव मी सांगत नाही. गावानं त्यांना जे नाव ठेवलं ते तुम्हाला ठाऊक आहे: पंच्याऐंशीवाली. हाव सुटली, हातचं गिऱ्हाईक घालवलं, आणि शेवटी पडत्या भावात घर विकून भामरागडला गेली, ही गोष्ट राइस मिलच्या ओट्यावर अजूनही हसत हसत सांगतात. गोष्ट बरोबर आहे. फक्त तिच्यातली हाव बाईंची नव्हती, माझी होती. सत्तरी ओलांडून मला बरीच वर्षं झाली. ती गोष्ट आहे तशीच मागे ठेवून जायची माझी इच्छा नाही.

बाईंचं दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं आणि त्यावर मांडलेले वाटे. तराजू त्यांनी कधी ठेवला नाही. रोहू, कतला असेल तर तुकडे, झिंगे असतील तर ढीग, आणि प्रत्येक ढीग डोळ्यानं तोलून मांडलेला. भाव विचारला की ठरलेलं उत्तर: "आधी तुमी बोला." स्वतः आधी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. समोरचा काहीतरी आकडा बोलला की त्या आभाळाकडे बघायच्या, जणू वरून कोणीतरी हसलं आहे. मग सौदा सुरू.

सौदा जमला आणि माणूस पसंत पडला, तर वाट्यावर एक मासोळी वरून टाकायच्या. "ही वरची. घरच्या मानसाची." या वरचीचा बाजारात फार मान होता. वाट्याच्या पैशात कोणी बनवाबनवी केली तर वाटा मिळायचा, वरची नाही. एका ठेकेदाराला त्यांनी वर्षभर वरची दिली नव्हती, आणि तो बिचारा बायकोच्या देखत दर रविवारी कोरडा वाटा घेऊन जायचा.

मी एकदा गमतीनं म्हटलं, "बाई, वाटा नको, आज नुसती वरची द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो आहे. "वाटा घेतल्याबिगर वरची भेटत नाई भाऊ. असा धंदा नसते."

मी त्यांचा शेजारी. सरकारी लाकूड डेपोत माझी नोकरी झाली. सागवानाचे नग लिलावाला लागायचे, त्यांची आधारकिंमत लिहायची, हे माझं काम. म्हणून बाई मला 'डेपोवाले भाऊ' म्हणायच्या, आणि किमतीच्या बाबतीत माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी वजन होतं. दुर्दैवानं फार वजन होतं. माझी बायको गेल्यावर मुलगा पुण्याला नेत होता. मी गेलो नाही. तलावाच्या काठी सकाळी कुंपणाशी बाईंचा आवाज यायचा, आठवड्यातून दोनदा वाटीभर रस्सा यायचा, त्यावर माझं बरं चाललं होतं.

अ‍ॅप आणलं ते बाईंच्या जावयानं. एकुलती मुलगी भामरागडला अंगणवाडीत आणि जावई तिथल्याच आश्रमशाळेत शिक्षक. लग्नाला बरीच वर्षं होऊन मुलीला पहिल्यांदा दिवस गेले होते. तेव्हापासून बाईंचं ठरलं. हे घर विकायचं, लेकीच्या घराला लागून दोन खोल्या बांधायच्या आणि पावसाच्या आधी तिथं मुक्काम हलवायचा. आधी का, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. मोबाईलचा टॉवरही मनात असेल तर बोलतो. त्या दिवसांत बाळंतपण आलं तर आई अलीकडच्या काठावर आणि लेक पलीकडच्या.

"विकण्याआधी भाव काढून ठेवा, आई," जावयानं सांगितलं. "नाहीतर शहरातले लोक फसवतात. आता हे मोबाईलवर सगळं कळते."

फसवलं खरं. शहरातल्यांनी नाही.

पहिल्या दिवशीचं घर टाकणं मला आयुष्यभर विसरता येणार नाही. अ‍ॅपनं विचारलं, गाव? मूल त्याच्या यादीत नव्हतंच. जवळचं म्हणून मी चंद्रपूर टाकलं. पुढचा प्रश्न, जागेचं क्षेत्रफळ.

"बाई, जागा किती?"

"उन्हाळ्यातली का पावसाळ्यातली?"

मला वाटलं गंमत करताहेत. त्या गंभीर होत्या. घर तलावाच्या पाळीला लागून. पावसाळ्यात पाणी मागच्या पायरीपर्यंत यायचं. उन्हाळ्यात तलाव मागे सरकला की ओल्या गाळात बाई काकड्या, डांगर, वांगी लावायच्या. तेवढ्या चार महिन्यांपुरती त्यांची परसबाग पार तलावाच्या पोटापर्यंत जायची. कागदावर ती जमीन त्यांची नव्हती, पण सासूच्या काळापासून त्या तुकड्यात दुसऱ्या कोणी काकडीचं बी टाकलं नव्हतं.

"कागदावरची सांगा," मी म्हटलं.

"म्हंजे पावसाळ्यातली. टाका."

झोपायच्या खोल्या किती?

"झोपतो तर आमी सगळीकडं. थंडीत चुलीपाशी, गर्मीत आंगनात. खोलीत तर बकरी झोपते."

मी एक टाकली, बकरीच्या नावानं.

घराचं वय?

"माह्या लग्नात कुडाचं होतं. मंग मातीचं झालं, मंग इटाचं. कोनत्याचं वय सांगू?"

गाडी ठेवायला जागा आहे का? आहे तर, नवऱ्याचा मासोळ्या धरायचा डोंगा ठेवते ना मी. पहारेकरी? बदकं आहेत, अनोळखी माणसाच्या पिंढरीलेच चावतात. वीज गेल्यावर सोय? कंदील. खिडकीतून काय दिसतं, यात बाग, रस्ता, तलाव असे पर्याय होते. तलावाला मी खूण केली. निळं चाक फिरलं आणि आकडा आला: बारा लाख.

बाईंनी मोबाईल हातात घेऊन आकड्याकडे पाहिलं, मग घराकडे, मग परत आकड्याकडे. "बरोबर बोलला," त्या म्हणाल्या. मोबाईलनं आधी बोलायचा त्यांचा नियम पाळला होता, यावर त्या खूश होत्या. "चला, आता गिराईक पाहू."

दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांनी जाहीर केलं. तिसऱ्या दिवशी बातमी आली की चंद्रपूरचा कोणी लग्नाच्या लॉनसाठी तलावाकाठी जागा शोधतो आहे.

त्या सकाळी मी कुंपणाशी आलो तेव्हा काकडीच्या वेलांत बाई वाकलेल्या होत्या. मी मनात म्हटलं, लॉन झालं तर इथे डीजे लागेल, भिंती हादरतील, माझा रक्तदाब वाढेल. हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिलो. खरं असं होतं की डीजे नसता, तिथे कोणी मौनव्रती साधू येणार असता, तरी मला ते नको होतं. मला कुंपणापलीकडे तोच आवाज हवा होता.

"टाका जी भाऊ, घर टाका," बाई म्हणाल्या. "आज वाढलं का पाहू."

मी म्हटलं, "उन्हाळ्यातली जागा टाकून पाहू का?"

बस्स. एवढंच. जगात मोठमोठी कटकारस्थानं होतात, तेव्हा माणसं बहुतेक असंच काहीतरी म्हणत असतील.

बाई थबकल्या. "चालते का?"

"आता उन्हाळाच आहे ना," मी म्हटलं.

हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला. आकडा वाढला. बाईंनी तोंडावर पदर घेतला, देवीसमोर घेतात तसा.

पुढच्या काही दिवसांत मी कोणत्या थराला गेलो हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. डोंग्याला 'झाकलेलं पार्किंग' केलं. बदकांना 'चोवीस तास सुरक्षा' केलं. अंगणातल्या मोहाच्या झाडाचा मी 'बगीचा' केला. पोहण्याच्या तलावापाशी मात्र हात अडखळला, तर बाईच म्हणाल्या, "काऊन थांबले जी? माह्या नवऱ्याची सारी जिंदगी त्या पान्यात गेली, अन् तुमी पोहता येते का नाई याचा इचार करून राह्यले?" मी खूण केली. बकरीच्या खोलीला मी तीन बहिणी दिल्या. शेवटी एके दिवशी गावाच्या जागी नागपूर टाकलं, तिथल्या एका तलावाजवळचा भाग निवडला, आणि निळं चाक नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरून पंच्याऐंशी लाखांवर थांबलं.

"नागपूर काऊन टाकलं?" त्यांनी विचारलं. एवढे दोन शब्द त्यांना इंग्रजीतही ओळखता यायचे, चंद्रपूर आणि नागपूर. मासोळ्यांचा बर्फ नागपूरहून यायचा.

"मूल त्याच्या यादीत नाही. तलावाचं घर कळायला तलावाचं गाव टाकावं लागते."

"हव," बाई म्हणाल्या. "तलाव तर तलावच आहे."

आता बाजारात रोज सकाळी माशांच्या भावाआधी घराचा भाव विचारला जाऊ लागला. "बाई, आज कुठी गेलं घर?" बाईही मासोळीची शेपटी तोडता तोडता सांगायच्या, "काल पंच्याऐंशी होतं. आज भाऊनं अजून टाकलं नाई." मिलमालक म्हणाला, "बाई, माही मिल टाकून पाहा ना जरा, लेकीच्या लग्नाले पैसा पायजे." बाई त्याला शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याइथून तलाव दिसत नाई." यावर बाजार दोन दिवस हसला. पंच्याऐंशीवाली हे नाव त्याच आठवड्यातलं. मीही भाजीची पिशवी धरून हसणाऱ्यांत उभा होतो.

मग लॉनवाला आला.

पांढरी गाडी, पांढरे बूट, गळ्यात साखळी. बदकांनी आपलं चोवीस तासांचं काम चोख केलं आणि तो गाडीच्या बोनेटवर चढून बसला. बाईंनी बदकं हाकलली, खाट टाकली, चहा दिला. मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं. मी गेलो नसतो तरी चाललं असतं. मी गेलो.

माणूस वाईट नव्हता. जागा फिरून पाहिली, पाण्याची रेषा विचारली, कागद पाहिला. मग म्हणाला, "बोला बाई, काय अपेक्षा?"

"आधी तुमी बोला."

तो चौदा लाख बोलला. आयुष्यभर किमती लिहिलेला माणूस म्हणून सांगतो, चौदा हा सरळ भाव होता. थोडा जास्तच होता. त्याला तलाव आवडला होता.

बाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला, खवला स्वतःच पुसला आणि त्याच्या पुढे धरला.

त्यानं पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "अहो बाई, हे नागपूरचं आहे! आणि हे चार बेडरूम कुठंत?"

"एक बकरीची आहे," बाई म्हणाल्या. "बाकीच्या भाऊले माहीत."

तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही नोकरीतले दिसता. समजावा यांना. असा भाव इथं सोन्याचं घर असलं तरी येत नाही."

दोघंही माझ्याकडे पाहत होते. समोर वैशाखातला तलाव, अर्धा सुकलेला. बाईंच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता की मला पाण्याकडे बघावं लागलं.

"मोबाईल सांगतो, तर काही हिशोब असेलच," मी म्हटलं.

लॉनवाला उठला. जाताना म्हणाला, "इचार बदलला तर कळवा." बाई मला म्हणाल्या, "पाह्यलं? भेला." आणि त्या दिवशी न मागता मरळीचा वाटा आला. वर एक नाही, दोन वरच्या.

मी तो खाल्ला. हेही लिहायला हवं. चवीनं खाल्ला.

बाईंचा बेत साधा होता. अजून चांगलं गिऱ्हाईक येईल, घर जाईल, पैसे घेऊन थेट भामरागड, पावसाआधी भिंती उभ्या. हात हलवत लेकीच्या दारात जायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. "मायनं आधी खोली बांधावं, मंग पाय ठेवावं," असं त्या म्हणायच्या. एक गिऱ्हाईक आलं, पंच्याऐंशी ऐकून चहा अर्धा टाकून गेलं. दुसरं बदकांनीच परत पाठवलं. दर वेळी मी ठरवायचो की उद्या सांगू. दर सकाळी कुंपणाशी हात यायचा आणि मी घर टाकायचो.

पाऊस त्या वर्षी लवकर आला, आणि नुसता आला नाही, ठिय्या देऊन बसला. तलाव भरला. पाणी मागच्या पायरीला लागलं आणि उन्हाळ्याचं क्षेत्रफळ काकडीच्या वेलांसकट बुडालं. तिकडे पर्लकोटा चढली, रस्ता बंद झाला.

आता बाई कुंपणाशी यायच्या तेव्हा वेगळंच म्हणायच्या. "भाऊ, रेंज येऊन राह्यली का पाहा ना."

माझ्या हातात मोबाईल तोच, खवला तोच. लेकीचा नंबर लावायचा, रेकॉर्ड केलेली एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची, आणि मी म्हणायचो, "नाही लागत." त्या तशाच उभ्या राहायच्या, छत्री न उघडता. मी घराचं विचारलं तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. पावसात कोन घेते." बाजारात लोक विचारायचे, पंच्याऐंशीवर टिकलं का बाई? त्या वाटे मांडत बसायच्या. वाटे लहानमोठे व्हायला लागले होते. असं आधी कधी झालं नव्हतं.

पाणी उतरल्यावर जावयाचा फोन लागला. मुलगी झाली होती. होऊन कितीतरी दिवस झाले होते. दोघी सुखरूप होत्या. मोबाईलवर फोटो आला. बाईंनी काच पदरानं पुसली, आधी मी पुसायचो त्याहून जास्त वेळ, आणि कुंपणावरून माझ्यापुढे धरली.

"भाऊ, इचं टाकून पाहा ना. कितीकची आहे?"

त्या हसत होत्या. गंमतच करत होत्या. मी घरात निघून गेलो आणि उगाच माठातलं पाणी पेल्यात ओतत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन मोबाईल मागितला आणि घर टाकलं. खरं टाकलं. पावसाळ्यातली जागा. एक खोली. पार्किंग नाही, पहारा नाही, पोहण्याचा तलाव नाही. गावाच्या चौकटीत यादी सोडून मूल असं अक्षरं जोडून लिहिलं. चाक फिरलं आणि एक ओळ आली: या भागासाठी अंदाज उपलब्ध नाही.

"काय म्हनते?" बाईंनी विचारलं.

"म्हणते, इथला भाव त्याले माहीत नाही."

"इतके दिस तर माहीत होता!"

सांगायला याहून चांगली जागा मला मिळाली नसती. मी म्हटलं, "रेंजचा घोळ असेल."

बाईंनी मोबाईल पिशवीत टाकला. "बिघडला," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. सांजेची मासोळी झाली आता आपली." सांजेची मासोळी म्हणजे बाजार उठताना उरलेली. ती येईल त्याला, मागेल त्या भावात.

लॉनवाला परत आला. या वेळी बदकंसुद्धा उठली नाहीत. "आधी तुमी बोला," बाई म्हणाल्या, पण आभाळाकडे पाहिलं नाही. तो अकरा बोलला. बाईंनी चहा दिला आणि सौदा झाला.

हिवाळ्यात त्या गेल्या. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. डोंगा मावेना, पण तो सोडून जायला त्या तयार नव्हत्या. शेवटी टेम्पोच्या टपावर डोंगा उताणा बांधला, बकरी मागे, बदकं टोपलीत, आणि बाई ड्रायव्हरशेजारी मांडीवर मोबाईल घेऊन. बाजारातून टेम्पो गेला तेव्हा रस्त्यावरून होडी चालली आहे असं दिसत होतं. मिलच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, "पंच्याऐंशी लाखाची नाव चालली!" बाईंनी खिडकीतून हात हलवला. त्यांना वाटलं निरोप देताहेत.

लॉन झालं. भीतीप्रमाणे डीजेही आला. एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः जाऊन पाहा. लग्नं उन्हाळ्यात असतात, तलाव मागे सरकलेला असतो, आणि मांडव पार बाईंच्या काकड्यांच्या जागेपर्यंत जातो. पंगती तिथंच बसतात. लॉनवाला भाडं लावतो ते उन्हाळ्यातल्या जागेचं.

आवाजाचं म्हणाल तर खिडक्या लावून घेतल्या की भागतं. सकाळचं भागत नाही. दहाच्या सुमाराला मी अजून कुंपणाशी जाऊन उभा राहतो. पलीकडे लॉनचा माणूस असतो, प्लास्टिकच्या खुर्च्या मोजत. तो म्हणतो, "काय पाहिजे काका?" मी म्हणतो, काही नाही.

पुढच्या आषाढात बाईंचा फोन आला. दोन खोल्या झाल्या होत्या. एक पत्र्याची झाली, विटा पुरल्या नाहीत. नात चालायला लागली होती, बदकं तिला चावत नव्हती, हे त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, हे घर टाकता का? तीन नद्या आहेत जी इथी. तिथी तर एकच तलाव होता."

मी म्हटलं, "बाई, थांबा. एक सांगायचं आहे."

आणि सांगितलं. उन्हाळ्यातली जागा, बकरीच्या खोलीच्या तीन बहिणी, नागपूर, सगळं. अ‍ॅप तेच बोलत होतं जे मी त्याच्या तोंडात घालत होतो. चौदा हा खरा भाव होता आणि ते मला खाटेवर बसलो असतानाच माहीत होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून केलं, हेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग बाईंचा आवाज आला, सावकाश, वाटा मांडताना असायचा तसा.

"म्हंजे भाऊ, मी पावसाच्या आधी इथी येऊ शकत..."

आणि फोन कटला.

मी परत लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी लावला. लागला नाही. संध्याकाळी बातम्यांत दाखवलं, तिकडे मोठा पाऊस, पर्लकोटा पुलावरून, संपर्क तुटला. आता तुम्हीच सांगा. टॉवर पडला म्हणून फोन कटला, की बाईंनी कापला? सगळा पावसाळा मी हे एकच कोडं घेऊन बसलो होतो. तिकडच्या पाण्याची पातळी मी इतक्या आस्थेनं विचारायचो की बसस्थानकावरच्या लोकांना वाटायचं माझी तिकडे शेती आहे. पाणी उतरल्याचं कळलं त्या दिवसापासून तर मी फोन लावायचाच बंद केला. न लागण्याला आता पुराचं कारण उरलं नव्हतं.

मिलच्या ओट्यावर मात्र मी गेलो. तिथे पंच्याऐंशीवालीची गोष्ट चालू होती. मी म्हटलं, "तो आकडा माझा होता." सगळे हसले. मिलमालक म्हणाला, "काकाजी, तुमी लय भोळे. बाईनं तुमालेही फसवलं." मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा हसले. खोटं मी एका दमात पटवलं होतं, खरं मात्र कोणी घेईना. म्हणून हे लिहिणं.

परवा अहेरीकडून आलेल्या एका बसच्या ड्रायव्हरनं मला स्थानकावर हाक मारली. "डेपोवाले तुमीच ना? भामरागडच्या बाईनं दिलं. हातोहात येऊन राह्यलं." पळसाच्या पानाची पुडी होती, चिंधीनं बांधलेली.

"काही निरोप?"

"बाई म्हने, वाटा मांगू नका म्हनाव."

घरी येऊन मागच्या पायरीवर बसलो. पलीकडे खुर्च्या मोजणं चालू होतं. चिंधी सोडली, पान उघडलं. आत बोटाएवढी एक सुकी मासोळी होती. पान उलटून पाहिलं, झटकून पाहिलं.

वाटा नव्हता. वरची तेवढी होती.